हलक्या रुळांवरचे जड इंजिन

महामार्गावरून जाणाऱ्या मालमोटारींची चाके कधी मोजली आहेत का? कुणाला सहा, कुणाला दहा, कुणाला बावीस. ओझे वाढले की चाके वाढतात. ही गरज इंजिनाची नसते, रस्त्याची असते. रस्ता खचणार की टिकणार हे गाडीच्या एकूण वजनापेक्षा एकेका आसावर किती भार येतो यावर ठरते. रेल्वेचेही तसेच. दोन स्लीपरांमधला रूळ म्हणजे दोन टेकूंवर ठेवलेली तुळईच. चाक तिच्या मध्यावर आले की ती वाकते. मागून आणखी किती चाके येत आहेत, याचे रुळाच्या त्या तुकड्याला सोयरसुतक नसते.

पूर्व आफ्रिकेतली युगांडा रेल्वे हे याचे चांगले उदाहरण आहे. १८९६ मध्ये मोंबासा बंदरापासून सुरू झालेला हा मीटरगेज मार्ग १९०१ मध्ये व्हिक्टोरिया सरोवराला पोहोचला. तो बांधण्यासाठी भारतातून तीस हजारांहून अधिक मजूर नेले होते, त्यांतले बहुतेक पंजाबातले. रूळ हलके होते : यार्डाला ५० पौंड, म्हणजे मीटरला सुमारे २५ किलो. (आपल्याकडच्या मुख्य मार्गांवर आज मीटरला ६० किलोचे रूळ असतात.) त्यात समुद्रसपाटीपासून अडीच हजार मीटरपेक्षा उंच चढायचे. पुढे युगांडातल्या कापसाने मालवाहतूक वाढली, आणि अडचण उभी राहिली.

ती आकड्यांत पाहू. लोखंडी चाक लोखंडी रुळावर घसरू नये, तर त्याची ओढ त्याच्यावरील भाराच्या साधारण पाव पटीच्या आत राहावी लागते. समजा, रूळ एका आसाचे १० टन सोसतो. इंजिनाला चार चालक आस असतील तर त्यांवर ४० टन भार आणि ओढ १० टन. बॉयलर कितीही मोठा बसवा, ओढ याहून वाढणार नाही. चाके जागच्या जागी गरगरतील. मग आठ चालक आस एका ओळीत लावावेत का? लांब शिडी अरुंद गल्लीच्या वळणावरून नेऊन पाहा, उत्तर मिळेल. दोन इंजिने जोडली तर दोन बॉयलर, दोन भट्ट्या आणि माणसेही दुप्पट. उरला एकच मार्ग : सगळे रूळ बदलणे. शेकडो किलोमीटरच्या मार्गाला तो परवडत नाही.

हर्बर्ट विल्यम गॅरेट या इंग्रज अभियंत्याने बॉयलर चाकांवरून उचलूनच घेतला. चाके, सिलिंडर आणि दट्ट्ये यांचे दोन स्वतंत्र संच करायचे, त्यांच्यामध्ये झोळीसारखी एक चौकट टांगायची आणि तिच्यात बॉयलर ठेवायचा. चौकटीची दोन्ही टोके दोन संचांवर खुंटीभोवती फिरतात. पुढच्या संचावर पाण्याची टाकी, मागच्यावर इंधन व आणखी पाणी. असे पहिले इंजिन १९०९ मध्ये टास्मानियातल्या खनिज वाहणाऱ्या दोन फुटी मार्गासाठी मँचेस्टरच्या बेयर पीकॉक कारखान्याने बनवले. गॅरेट १९१३ मध्ये वारले.

वर्गात हे दाखवायला दोन काडेपेट्या, एक पट्टी आणि दोन टाचण्या पुरतात. जमिनीवर खडूने वळण काढून त्यावरून ही जोडणी सरकवा. काडेपेट्या कंसावर राहतात आणि पट्टी त्या कंसाची जीवा होते; तिचा मध्य वळणाच्या आतल्या बाजूला जातो. खुंट्यांमधले अंतर १० मीटर आणि वळणाची त्रिज्या १२५ मीटर असेल, तर हा सरकाव जीवेच्या वर्गाला त्रिज्येच्या आठपटीने भागून मिळतो : १०० भागिले १०००, म्हणजे १० सेंटिमीटर. वळणावर इंजिन बाहेर कलंडू पाहत असताना जड बॉयलर आपण होऊन आत येतो. आम्हांला या रचनेतला सर्वांत देखणा भाग हाच वाटतो.

आणखी एक लाभ झाला. साध्या इंजिनात भट्टीला चाकांची अडचण होते. इथे खाली चाकेच नाहीत, त्यामुळे भट्टी रुंद आणि खोल करता येते, बॉयलर आखूड पण जाड ठेवता येतो. वाफ भरपूर मिळते.

केनिया-युगांडा रेल्वेने १९२६ मध्ये अशी इंजिने आणली. प्रत्येक संचात पुढे चार छोटी चाके, मग आठ चालक चाके, मग पुन्हा दोन छोटी. एकूण आस चौदा, त्यांतले चालक आठ. १९५०च्या दशकात याच मांडणीची दोन इंजिने तिथे शेजारी शेजारी नांदली. भारी रुळांसाठी ५९ वर्ग, आसावर २१ टन. हलक्या मार्गांसाठी ६० वर्ग, आसावर ११ टन. आठ आसांचे ८८ टन, त्यांच्या पाव पट २२. ६० वर्गाची ओढ सुमारे साडेएकोणीस टन होती, म्हणजे हिशेब जुळतो.

दोष नव्हते असे नाही. हलत्या सांध्यांतून वाफ नेणे ही कटकट होतीच. त्याहून मोठा दोष वजनाचा. चालक चाकांवरचा बराच भार पाणी आणि इंधनाचा, आणि तो वाटेत संपत जातो. टाक्या भरलेल्या असताना रूळ वाचला पाहिजे, आणि त्या रिकाम्या होत आल्या तरी पकड सुटता कामा नये. दक्षिण आफ्रिकेतल्या जीएमएएम वर्गाने यावर तोड काढली : मागे पाण्याची वेगळी टाकी-वाघीण जोडायची आणि इंजिनावर पाणी थोडेच ठेवायचे.

नागपूरपर्यंत येणाऱ्या बंगाल-नागपूर रेल्वेकडेही जड मालगाड्यांसाठी गॅरेट इंजिने होती. त्यांतले एन वर्गाचे एक दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे. सहल तिथे गेली, तर मुलांना बॉयलरखाली वाकून पाहायला सांगा आणि तिथे चाक का नाही, ते त्यांनाच विचारा.