माउथ ऑर्गन, फिलर गेज आणि सहा गैरसमज

‘दोस्ती’ (१९६४) मधला माउथ ऑर्गन राहुल देव बर्मन यांनी वाजवला होता, ‘शोले’ (१९७५) मधला भानू गुप्तांनी. तो सूर कानात घेऊन बाजारातून एक वाद्य आणावं, तर निम्मी भोकं फुसफुसतात, एखादं तर बोलतच नाही. मग ‘घरीच दुरुस्त करू’ हा विचार येतो आणि त्याबरोबर ऐकीव सल्ल्यांची रांग लागते.

निघोजे-म्हाळुंगे पट्ट्यात राहणाऱ्याला यात एक फायदा आहे. महिंद्रा आणि फोक्सवॅगनच्या कारखान्यांमुळे इथे मिलिमीटरचा शंभरावा भाग ही शॉप फ्लोअरवरची रोजची बोली आहे, आणि माउथ ऑर्गनही त्याच मापात चालतो. दहा भोकांच्या साध्या हार्मोनिकात, म्हणजे माउथ ऑर्गनमध्येच, मधे एक सांगाडा, त्याच्या वर-खाली एकेक पितळी प्लेट आणि वरून झाकणं असतात. प्रत्येक प्लेटवर दहा, म्हणजे एकूण वीस पत्त्या. पत्तीचं एक टोक रिव्हेटने पक्कं, दुसरं मोकळं, आणि ते आपल्या खाचेच्या किंचित वर उभं. वरच्या प्लेटच्या पत्त्या फुंकल्यावर बोलतात, खालच्या श्वास ओढल्यावर.

गैरसमज १ : सांगाडा लाकडी असला की सूर गोड, प्लास्टिकचा असला की कोरडा.

वस्तुस्थिती : गिटारमध्ये लाकूड स्वतः थरथरतं, म्हणून तिथे लाकडाला महत्त्व. इथे आवाज होतो तो पत्ती हवेचा झोत तोडते म्हणून. २०१० साली अमेरिकेतल्या हार्मोनिकावादकांच्या संमेलनात वेगवेगळ्या सांगाड्यांची, बाकी सारखी वाद्यं कोणती कशाची हे न सांगता वाजवून पाहिली गेली. जाणकारांनाही फरक खात्रीने सांगता आला नाही. फरक पडतो तो सांगाडा किती सपाट आहे याने, कारण प्लेट नीट टेकली नाही की हवा बाजूने निसटते. तपासणी सोपी आहे. सांगाड्याच्या पृष्ठभागावर मार्करने आडव्या रेघा मारा, काचेवर ४०० नंबरचा पॉलिश पेपर ठेवा आणि हलक्या हाताने दोनचार वेळा घासा. जिथली शाई तशीच राहिली तो भाग खोलगट. सगळीकडची शाई जाईपर्यंत घासा, भुसा झाडा आणि स्क्रू मधल्यापासून कडेकडे थोडे थोडे आवळत जा. टूलरूममध्ये सरफेस प्लेटवर जॉब तपासतात, तेच तत्त्व.

गैरसमज २ : वाजवण्याआधी पाण्यात बुडवला की आवाज खुलतो.

वस्तुस्थिती : जुन्या लाकडी सांगाड्याचं लाकूड फुगून फटी तात्पुरत्या बुजत, म्हणून आवाज मोठा वाटे. पण फुगलेल्या लाकडाच्या कडा बाहेर येऊन ओठांना लागतात आणि वाळल्यावर लाकूड आक्रसून तडकतं. प्लास्टिकच्या सांगाड्याला तर भिजवून काहीच मिळत नाही. वाजवून झाल्यावर भोकं खाली करून तळव्यावर आपटा, थुंकी झाडून टाका. खाल्ल्यावर चूळ भरूनच वाद्य हातात घ्या. बडीशेपेचा एक कण पत्ती बंद पाडायला पुरतो.

गैरसमज ३ : पत्ती खाचेच्या जितकी जवळ तितका प्रतिसाद चांगला.

वस्तुस्थिती : अंतर फार कमी असेल तर जोरात फुंकल्याबरोबर पत्ती गुदमरते, आवाजच येत नाही. फार जास्त असेल तर श्वास वाया जातो आणि सूर उशिरा लागतो. मोकळ्या टोकाशी पत्तीच्या जाडीएवढं अंतर हा सुरुवातीचा अंदाज. खालच्या सुरांच्या पत्त्यांना थोडं जास्त लागतं. बदल करताना टूथपिकने पत्ती अलगद हव्या त्या दिशेला न्या, क्षणभर धरा, सोडा. ती स्प्रिंगसारखी परत येते, म्हणून किंचित पुढेच न्यावी लागते. मग आधी अगदी हळू आणि नंतर जोरात वाजवून पाहा. हळू फुंकणाऱ्याला कमी अंतर मानवतं, दमदार फुंकणाऱ्याला जास्त. म्हणून दुसऱ्याने ‘सेट’ करून दिलेलं वाद्य आपल्याला जमेलच असं नाही.

गैरसमज ४ : सूर उतरला की कानस मारायची.

वस्तुस्थिती : देहू-आळंदीजवळच्या या भागात भजनी मंडळाची पेटी ओळखीची आहे. पेटी लावणारा जे करतो तेच इथेही लागू पडतं : पत्ती मोकळ्या टोकाशी खरवडली की हलकी होऊन सूर चढतो, रिव्हेटच्या बाजूला खरवडली की लवचीक होऊन सूर उतरतो. पण कानस हे शेवटचं हत्यार. आधी पत्तीत धागा, केस किंवा गंज अडकलाय का ते पाहा. एकच सूर लावूनही पुन्हा पुन्हा उतरत असेल तर रिव्हेटजवळ बारीक तडा गेलेला असण्याची शक्यता मोठी. धातू थकला की तो घासून बरा होत नाही, पत्ती किंवा प्लेट बदलावी लागते. खरवडायचंच असेल तर पत्तीखाली फिलर गेजचं (फट मोजायच्या पात्यांच्या संचाचं) सर्वांत पातळ पातं सरकवा, एकदोन हलके ओरखडे द्या, पूड ब्रशने काढा आणि पुन्हा ऐका. ही पूड तोंडाने फुंकू नका, पितळेत शिसं असू शकतं.

गैरसमज ५ : ट्यूनर ॲपवर सगळ्या पत्त्या एका रेषेत आल्या म्हणजे काम झालं.

वस्तुस्थिती : आपल्याकडे सर्रास मिळणारा २४ भोकांचा माउथ ऑर्गन ट्रेमोलो जातीचा असतो. त्यात एका सुरासाठी दोन पत्त्या, मुद्दाम किंचित वेगळ्या लावलेल्या. एक ४४० हर्ट्झवर आणि दुसरी ४४३ वर असेल तर आवाज सेकंदाला तीनदा लहरतो. हीच त्या वाद्याची ओळख. दोन्ही पत्त्या ‘बरोबर’ केल्या की ती लहर जाते. म्हणून अशा वाद्यात एक पत्ती चिकटपट्टीने बंद करून दुसरी तपासावी आणि शेजारच्या सुरांत फरक साधारण सारखा राहील इतकंच पाहावं.

गैरसमज ६ : सूर वाकवायला फुप्फुसांची ताकद नाहीतर महागडं कस्टम वाद्य लागतं.

वस्तुस्थिती : दहा भोकांच्या वाद्यात एका भोकात फुंकायची आणि ओढायची अशा दोन पत्त्या असतात. जीभ-टाळ्याची पोकळी बदलली की दोघी मिळून मधला सूर देतात. सी पट्टीच्या चौथ्या भोकात ओढून येणारा डी अर्धा सूर खाली येतो तो असा. ट्रेमोलोत प्रत्येक पत्तीची खोली स्वतंत्र, त्यामुळे तिथे असा बेंड मिळत नाही. तो दोष वादकाचा नाही. हार्मोनिकावादक हॉवर्ड लेव्हीने रूढ केलेल्या ओव्हरब्लो या फुंकण्याच्या तंत्राला मात्र पत्ती आणि खाच यांतली फट कमी असली की मदत होते. त्यासाठी खाचेच्या कडा नाण्याने दाबून आत आणतात. जरा जास्त दाब पडला की पत्ती कडेला घासून वाजेनाशी होते. एमआयडीसीत ज्याला ‘बर’ म्हणतात तसा धातूचा कोंभ कडेवर उरला तरी तेच.

या सगळ्याला एक क्रम आहे : आधी सफाई, मग हवेची गळती, मग अंतर, मग सूर, आणि शेवटी जमलं तर खाचेच्या कडा. पहिल्या तिन्ही पायऱ्यांत पत्तीचं पितळ जात नाही, चुकलं तर पुन्हा बसवता येतं. कानस आणि नाण्याचं तसं नाही. म्हणून हात बसेपर्यंत हे प्रयोग घरातल्या सर्वांत स्वस्त वाद्यावर करा, आणि एका बैठकीत एकाच भोकाला हात लावा, म्हणजे काय बदललं आणि कशाने बदललं हे नक्की कळेल.