फलकावर आज काय?

पहाटे साडेपाच. लोकांसाठी मत्स्यालयाचं दार दहाला उघडतं, पण आमचा दिवस पाण्याबरोबर सुरू होतो. रात्रपाळीच्या दादांनी वहीत नोंदी करून ठेवलेल्या असतात: वीज किती वाजता गेली, जनरेटर किती वेळ चालला, कुठल्या पंपाचा आवाज बदलला. मे संपत आला की कोकणात वळवाच्या सरी येतात आणि वीज पहिली जाते. वीज गेली की टाक्यांत हवा सोडणारे पंप थांबतात. समुद्राच्या पाण्यात गोड्या पाण्यापेक्षा प्राणवायू मुळातच कमी विरघळतो, आणि पाणी कोमट असलं तर आणखी कमी. त्यामुळे ती वही मी वर्तमानपत्राच्या आधी वाचते.

माझ्याकडे बातम्या आणि कार्यक्रमांचं काम आहे. दर्शनी दालनातला फलक, शाळांना जाणारी पत्रकं, वृत्तपत्रांना पाठवायची टिपणं, महिन्याचं वेळापत्रक, सगळं माझ्या टेबलावरून जातं. हे काम टेबलाशी बसून होत नाही. टाक्यांच्या मागे एक अरुंद, ओली बोळ आहे. नळ्या, गाळण्या, झाकणं, टॉर्च आणि मिठाचा वास. बातमी तिथेच मिळते.

सात वाजता पाण्याची तपासणी होते. तापमान, क्षारता, सामू, अमोनिया. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण पस्तीस ग्रॅम क्षार असतात, आणि आमच्या टाक्यांतही तेवढेच राहावे लागतात. काचेतून पाणी कितीही नितळ दिसो, त्यात अमोनिया वाढलेला असू शकतो. माशांची विष्ठा आणि उरलेलं खाणं यांतून तो तयार होतो, आणि गाळणीतल्या वाळूवर वाढलेले जीवाणू त्याचं रूपांतर आधी नायट्राइटमध्ये आणि मग नायट्रेटमध्ये करतात. मत्स्यालयातले सगळ्यात कष्टाळू जीव हे जीवाणूच. त्यांच्यासाठी कुणी तिकीट काढत नाही, पण ते मेले तर बाकी कुणीच उरणार नाही.

आज सकाळी बोळीत सगळे गप्प होते. मधल्या मोठ्या टाकीतला हेकरू रात्री गेला. वयस्क मासा होता, गेले काही दिवस खाणं सोडून दगडाच्या कपारीत बसून असायचा. डॉक्टरांनी कल्ल्यांचे नमुने घेतले, टाकीचं पाणी पुन्हा तपासलं, इतर मासे नीट आहेत याची खात्री केली. मग प्रश्न आला फलकाचा.

"ऐन सुट्टीत कशाला लिहायचं, मॅडम?" आमच्या एका सहकाऱ्याने विचारलं. त्याचा हेतू वाईट नव्हता. पण माझं मत पक्कं आहे. गावातल्या मुलांनी हा मासा वर्षानुवर्षं पाहिलाय. पहिलीतलं मूल काचेला नाक लावून "मोठा मासा कुठे गेला?" असं विचारतं तेव्हा त्याला खरं उत्तर मिळालं पाहिजे. नवा मासा आला की आपण मोठ्या अक्षरांत लिहितो, मग गेलेल्याचीही नोंद हवी. चार ओळी लिहिल्या: हेकरू गेला, केव्हा गेला, कशाने गेला असावा, तपासणीचा निकाल आला की कळवू. फलकाच्या डाव्या कोपऱ्यात, सगळ्यांना दिसेल अशा जागी.

आठ वाजता स्वयंपाकघर. तिथे बांगडा, कोळंबी आणि माकुळ बर्फातून काढून ठेवलेले असतात. सुरी, फळी, वजनकाटा, टाकीनिहाय डबे. गोठवलेल्या मासळीतलं ब१ जीवनसत्त्व कमी होतं, आणि काही मासळीत ते नष्ट करणारं विकरही असतं, म्हणून बांगड्याच्या तुकड्यात गोळी खुपसून द्यावी लागते. पाकटांना तुकडे तळाशी लागतात, केंडाला कवचाचं काहीतरी हवं, कारण त्याचे दात सतत वाढतात आणि कडक खाऊनच झिजतात. मुशीला रोज खायला घालत नाहीत. 'शार्कला खाणं घालताना पाहा' असा कार्यक्रम रोज ठेवा, अशी मागणी दर सुट्टीत येते. ती आम्ही दर सुट्टीत नाकारतो. लोकांच्या सोयीसाठी प्राण्याला जास्त खाऊ घालणं हा कार्यक्रम होऊ शकत नाही.

नऊ वाजता मी विलगीकरणाच्या खोलीत जाते. बाहेरून आलेला प्रत्येक जीव मुख्य टाकीत सोडण्याआधी काही आठवडे इथेच राहतो. या महिन्यात मात्र खोलीतली खरी पाहुणी आहेत मुशीची अंडी. आपल्या किनाऱ्यावर मिळणारी ही लहान, तळाशी राहणारी मुशी. मोठेपणी ती तपकिरी, साधीशी दिसते. ती अंडी घालते हे ऐकून बहुतेकांना आश्चर्य वाटतं, कारण शार्कच्या पुष्कळ जाती थेट पिल्लांना जन्म देतात.

अंडं म्हणजे तळहातावर मावणारी चामड्यासारखी तपकिरी पिशवी. ती पाण्यातच धरायची आणि मागून टॉर्चचा मंद उजेड सोडायचा. आधी नुसता पिवळा गोळा दिसतो, तो बलक. मग त्याला दोरीसारखं जोडलेलं काहीतरी वळवळतं. नीट पाहिलं की शेपटी ओळखू येते, मग डोळ्याचा काळा ठिपका, आणि अंगावरचे गडद पट्टे. हे पट्टे लहानपणीच असतात, वय वाढलं की पुसट होतात. पिशवीच्या कडेला बारीक फटी पडल्या आहेत. त्यांतून ताजं पाणी आत खेळतं आणि पिल्लू शेपटी हलवून ते ढवळत राहतं. गेल्या आठवड्यापेक्षा आज बलक स्पष्ट लहान झालाय. म्हणजे वेळ जवळ आली.

२०१३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी याच कुळातल्या मुशीच्या अंड्यांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. शिकारी माशाच्या अंगातून जसं क्षीण विद्युतक्षेत्र निर्माण होतं तसं क्षेत्र अंड्याजवळ निर्माण केलं, तर आतलं पिल्लू कल्ल्यांची हालचालसुद्धा थांबवून निश्चल होतं. जन्मायच्या आधीच ते लपायला शिकलेलं असतं. ही गोष्ट मुलांना सांगताना मला आजही आवाज चढवावा लागत नाही, ती आपोआप गप्प होतात.

पिल्लं बाहेर येण्याचा दिवस जाहीर करा, पाहुणे बोलावू, असा निरोप वरून आला आहे. मी 'तारीख नाही' असं कळवलं. अंड्याला तारीख देता येत नाही. पाण्याचं तापमान थोडं खाली-वर झालं की दिवस पुढेमागे होतात, आणि पिशवी फाडून पिल्लाला 'मदत' करणं म्हणजे बलक संपायच्या आत त्याला बाहेर ओढणं. फलकावर मी लिहिलं: अंडी तयार होत आहेत, टॉर्चने दाखवण्याची वेळ सकाळी अकरा आणि दुपारी चार, एका वेळी दहाच जण.

दहाला दार उघडलं आणि चाकरमान्यांची गर्दी आत आली. मुंबईहून आलेले आजोबा हमखास विचारतात, "तारापोरवाला कधी उघडणार हो?" मरीन ड्राइव्हवरचं ते मत्स्यालय १९५१ मध्ये राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते सुरू झालं. विकाजी तारापोरवाला यांच्या देणगीमुळे त्याला त्यांचं नाव मिळालं. २०१५ मध्ये नूतनीकरण होऊन पारदर्शक बोगद्यासह ते पुन्हा खुलं झालं आणि करोनाच्या साथीत बंद पडलं. महाराष्ट्रातल्या तीन पिढ्यांनी समुद्राच्या आत काय असतं ते पहिल्यांदा तिथे पाहिलं. एवढ्या मोठ्या किनाऱ्याच्या राज्यात चांगली सार्वजनिक मत्स्यालयं हाताच्या बोटांवर मोजावीत, ही खंत मला आहे. आजोबांच्या प्रश्नात तीच असते.

दुसरा प्रश्न समुद्रघोड्याचा. तो २००१ मध्ये वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आला, वाघाच्या पंक्तीत. म्हणून तो आमच्याकडे नाही. तिसरा प्रश्न पापलेटचा. २०२३ मध्ये चंदेरी पापलेटला राज्य मासा जाहीर केलं, मग तो टाकीत का नाही? कारण पापलेट फार नाजूक. जाळ्यातून जिवंत काढून आणणं आणि टाकीत टिकवणं दोन्ही कठीण. जिवंत पापलेटऐवजी आम्ही पुठ्ठ्याचे मासे लावलेत. त्याच वर्षी राज्याने ५४ जातींसाठी पकडण्याचं किमान आकारमान ठरवून दिलं, त्या मापाचे. बाजारात जाताना आया त्यांचे फोटो काढून नेतात. या पुठ्ठ्यांनी जेवढं काम केलंय तेवढं कुठल्याच भाषणाने केलं नाही.

साडेअकरा. अमावास्या जवळ आहे, म्हणजे उधाण. आमच्या भागात अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास भरती दुपारच्या सुमारास लागते. भरती पूर्ण चढली की पाणी थोडा वेळ थबकतं, गाळ खाली बसतो. तेवढ्या वेळात पंप चालवून साठवणीच्या टाक्या भरायच्या. एकदा पाऊस लागला की नद्या-नाल्यांचं गोडं, गढूळ पाणी किनाऱ्यावर पसरतं, क्षारता घसरते आणि कितीतरी दिवस समुद्राचं पाणी असूनही आम्हाला घेता येत नाही. म्हणून मेअखेरची प्रत्येक भरती मोलाची. या वेळी कार्यक्रम ठेवायचा नाही, हे माझ्या वेळापत्रकात लाल शाईने लिहिलेलं आहे. सगळी माणसं पंपावर लागतात.

जेवण उभ्या उभ्या झालं.

दोन वाजता जूनचं वेळापत्रक घेऊन बसले. ८ जूनला जागतिक महासागर दिन. पत्रकांत त्या दिवशी किनारा स्वच्छता, सागरफेरी असं लिहायची पद्धत पडलीय. पण आपल्याकडे तोवर समुद्र खवळलेला असतो. त्या लाटांत शाळेची मुलं खडकांवर नेणं मला मान्य नाही. १ जूनपासून मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, तांडेल घरी असतात. वर्षभर ज्यांना वेळ नसतो ते याच दिवसांत भेटतात. म्हणून यंदा महासागर दिनाला दालनात जाळी येतील. रापणवाले काका जाळ्याची आस, म्हणजे भोकं, किती मोठी असावी, पिल्लं त्यातून कशी निसटतात, हे हातात जाळं घेऊन सांगणार आहेत. आम्ही विचारायला गेलो तर म्हणाले, "भाषण नको सांगू, जाळा घेऊन येतो." तेच हवं होतं.

वेळासच्या कासव महोत्सवासारखा कार्यक्रम जूनमध्ये करा, असंही पत्र आलं आहे. ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं आपल्याकडे थंडी सरता सरता आणि उन्हाळ्यात बाहेर पडतात, तेव्हा ते फेब्रुवारीच्या पानावर टाकलं. वेळापत्रक समुद्राचं असतं, आपण फक्त त्यावर वेळा लिहायच्या.

साडेचारला ओहोटी. मुंबईत 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' या उपक्रमाने २०१७ पासून किनारफेऱ्या सुरू केल्या, आणि गिरगाव, हाजीअलीच्या खडकांवर केवढं जीवन आहे ते मुंबईकरांनाच नव्याने कळलं. आम्हीही पावसाआधीची शेवटची फेरी आज काढली. नियम सोपे: जिथे पाऊल टाकाल तिथे आधी पाहा, दगड उलटलात तर तसाच परत ठेवा, काही उचलून नेऊ नका. एका डबक्यात समुद्रफूल उमललेलं होतं. एका मुलीने बोट पुढे केलं आणि स्वतःच मागे घेतलं. शेजारी शंखातला खेकडा आपलं घर ओढत चालला होता. पाणी परत चढायच्या आत, सहाला, सगळे वर.

सात वाजता फलक पूर्ण केला. डावीकडे हेकरूची बातमी. मध्ये मुशीच्या अंड्यांची. उजवीकडे ८ जूनचा कार्यक्रम, रापणवाल्या काकांचं नाव न विसरता. खाली जागा उरली, तिथे नेहमीची विनंती. घरातला शोभेचा मासा मोठा झाला, नकोसा झाला म्हणून नदीत, तळ्यात, विहिरीत सोडू नका. सकर मासा असाच सोडला गेला आणि आज तो आपल्या नद्यांत, धरणांत ठाण मांडून बसला आहे. मासा सांभाळणं जमत नसेल तर दुकानदाराला परत द्या, किंवा आम्हाला विचारा. उद्या येणाऱ्यांनी अंडी पाहताना मोबाइलचा फ्लॅश बंद ठेवावा आणि काचेवर टिचक्या मारू नयेत.