पत्रिका राहू दे, ब्लड रिपोर्ट दाखवा!

शनिवारी सकाळी श्रीपूरला पोचलो, तर अंगणात चक्क 'बघण्याचा कार्यक्रम'! वधू आमची चिमी, अडीच वर्षांची कारवान. नवरदेव छोट्या हत्तीतून आलेला. लांब तोंड, सडपातळ अंग, पळायला लागला की उसाच्या बांधावर नुसती रेघ. काका फुल फिदा. व्यवहारही ठरलेला: पैसे नाहीत, वेतातलं एक पिल्लू त्यांना.

मी विचारलं, "ब्रुसेलाची टेस्ट केलीय?"

जणू मी नवरदेवाचं चारित्र्यच काढलं!

पण बॉस, प्रश्न फालतू नाही. ब्रुसेला कॅनिस हा जंतू मेटिंगमधून पसरतो आणि नर वरून ठणठणीत दिसू शकतो. कुत्रीचे दिवस साधारण 63. त्यातले 45-50 उलटले की गर्भ पडतो, नाहीतर पिल्लं मेलेली जन्मतात. औषधांनी जंतू पुरता जाईल याची गॅरंटी नाही. शिवाय तो माणसालाही लागू शकतो. आमच्याकडे चिमीचं बाळंतपण करणार काकू, तेही नुसत्या हातांनी. टेस्ट साधी रक्ताची. मात्र लागण ताजी असेल तर निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून काही आठवड्यांनी पुन्हा करायची.

पाहुण्यांनी केनेल क्लबचं सर्टिफिकेट पुढे केलं. छान! नात्यातलं स्थळ टाळायला, म्हणजे गोत्र बघायला ते उपयोगी. तब्येत त्यात कळत नाही.

तुमच्या कोथरूडच्या फ्लॅटमधल्या लॅबचंही 'एकदा तरी लग्न लावू' असं चाललं असेल, तर यादी थोडी वाढते. लॅब, जर्मन शेफर्डला खुब्याचा एक्स-रे हवाच, आणि पक्का निकाल दोन वर्षांचं झाल्यावर. लॅबला हळूहळू आंधळं करणाऱ्या पीआरएसाठी डीएनए टेस्टही. नर-मादी दोघंही नुसते वाहक असले तर त्यांना काहीच होत नाही, पण प्रत्येक पिल्लाला चारात एक धोका. कारवानमध्ये खुब्याचं दुखणं कमी. त्यांची भानगड भुलीची. अंगावर चरबी नाही, त्यामुळे थायोपेंटोनसारखी भूल उतरता उतरत नाही. डॉक्टरांना आधीच सांगा.

आणि पहिल्या हीटला घाई नको. केंद्राच्या 2017 च्या नियमांतही ब्रीडरसाठी मादीचं किमान वय 18 महिने आहे.

पाहुणे 'कळवतो' म्हणून गेले. काका दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मंगळवारी ऑफिसात फोन: "ती रक्ताची तपासणी कुठं करत्यात रे? पाहुणे विचारतायत."