चुलीच्या उष्णतेचे माप

थंडीचे दिवस आहेत. वाई-साताऱ्याकडे पहाटे चांगलाच गारठा पडला आहे. एका जुन्या घराच्या परसात तांब्याचा बंब पेटलेला आहे. तुम्ही बंब पाहिला आहे का? पाहिला नसेल, तर घरातील वडीलधाऱ्या माणसांना विचारा. बंब म्हणजे पाणी तापवण्याचे उंच, गोल भांडे. त्याच्या पोटातून एक जाड नळी वर जाते. या नळीत वरून लाकडाचे तुकडे, उसाची चिपाडे, नारळाच्या करवंट्या टाकतात. नळीच्या तळाशी जाळी असते. तिच्यातून राख खाली पडते. विस्तव आत आणि त्याच्या चहूबाजूंना पाणी, अशी ही सोय आहे.

समजा, नानी म्हणाल्या, "बंबासारखे पाणी दुसऱ्या कशावर तापत नाही." त्यावर शेजारच्या खाला म्हणाल्या, "अहो, आमच्या चुलीचा जाळ तर पाहा! केवढा उंच जातो!" मामूंनी नुकतीच एक नवी शेगडी आणली आहे. ते म्हणाले, "माझ्या शेगडीत मूठभर कांड्या टाकल्या की काम झाले." या तिघांपैकी खरे कोणाचे?

प्रत्येकाने डोळ्यांनी पाहून मत दिले आहे. पण डोळ्यांना दिसतो तो जाळ. पाण्याला किती उष्णता मिळाली, हे डोळ्यांना दिसत नाही. ते मोजावे लागते.

मोजण्याआधी दोन शब्द नीट समजून घेऊ. मराठीत 'उष्णता' आणि 'तापमान' असे दोन शब्द आहेत. बोलताना आपण त्यांची गल्लत करतो. तुम्हांला हे समजणे मुळीच अवघड नाही. कारण उर्दूत उष्णतेला 'हरारत' म्हणतात आणि तापमानाला 'दर्जा-ए-हरारत'. शब्दातच फरक सांगितलेला आहे. पेटलेल्या काडीचे तापमान खूप असते. तिने बोट लगेच पोळते. पण एका काडीने बादलीभर पाणी कोमट तरी होईल का? होणार नाही, कारण तिच्याजवळ उष्णता अगदी थोडी आहे. तापमान थर्मामीटरने कळते. उष्णता मोजायला थर्मामीटरच्या जोडीला तराजूही लागतो.

एक किलोग्रॅम पाण्याचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढवायला जेवढी उष्णता लागते, तिला एक किलोकॅलरी म्हणतात. हे माप ध्यानात ठेवा. पुढचा सारा हिशेब याच मापाने करायचा आहे.

आता मामूंच्या शेगडीकडे वळू. सातारा आणि सांगली हे उसाचे जिल्हे आहेत. रेठरे बुद्रुक, शेंद्रे, सांगली अशा ठिकाणी साखर कारखाने आहेत. कराडच्या बाजूला गुऱ्हाळे चालतात. उसाचा रस काढला की चिपाड उरते. गुऱ्हाळावर हे चिपाड उन्हात वाळवतात आणि चुलवाणात जाळतात. त्यावरच काहिलीतला रस उकळतो. कारखान्यात या चिपाडाला बगॅस म्हणतात आणि ते बॉयलरमध्ये जाळतात. पण घरच्या चुलीत सुटे बगॅस घालून पाहा. ते भसकन पेटते, क्षणात संपते आणि घरभर धूर करते. शिवाय ते फुगीर असते. पोतेभर बगॅस म्हणजे वजनाला थोडेच.

यावर माणसाने एक युक्ती काढली. बगॅस, लाकडाचा भुसा, भुईमुगाची टरफले असा माल वाळवून बारीक करायचा आणि यंत्राने जोरात दाबून लहान भोकांतून बाहेर काढायचा. दाबामुळे माल तापतो. त्यात लिग्निन नावाचा पदार्थ असतो. तो उष्णतेने मऊ होतो आणि डिंकासारखा चिकटतो. मग पेन्सिलीएवढ्या जाड, टणक कांड्या तयार होतात. म्हशीला घालतात ती कांडी पेंड तुम्ही पाहिली असेल. या कांड्या तशाच दिसतात. त्यांना पेलेट असे म्हणतात. त्या कोरड्या असतात, सारख्या आकाराच्या असतात आणि पोत्यात भरपूर मावतात.

पेलेटच्या शेगडीत हवा दोन ठिकाणांहून येते. थोडी हवा खालून येते. तिच्यामुळे कांड्या तापतात आणि त्यांच्यातून जळाऊ वायू निघतो. बाकीची हवा वरच्या बाजूच्या भोकांतून येते आणि तो वायू जाळून टाकते. साध्या चुलीत यातला बराचसा वायू न जळताच निघून जातो. धूर म्हणतो तो हाच. म्हणजे धूर हे वाया गेलेले इंधन आहे. अम्मीच्या डोळ्यांना आणि छातीला त्याचा त्रास होतो, तो वेगळाच. साताऱ्यातील फलटणला निंबकर कृषी संशोधन संस्था आहे. तेथे उसाचे पाचट आणि बगॅस यांच्यापासून वायू तयार करणाऱ्या मोठ्या भट्टीवर काम झाले. तिचे तत्त्वही असेच होते.

आता मोजू या. एका पातेल्यात बरोबर ५ किलोग्रॅम पाणी घ्या. त्याचे तापमान लिहून ठेवा. समजा, ते २५ अंश आहे. पाणी ९५ अंशांपर्यंत तापवायचे आहे, म्हणजे ७० अंशांची वाढ. पाच गुणिले सत्तर, म्हणजे ३५० किलोकॅलरी उष्णता पाण्यात गेली. पण एवढ्यावर थांबू नका. तापताना थोडे पाणी वाफ होऊन उडून जाते. एक ग्रॅम पाण्याची वाफ करायला सुमारे ५४० कॅलरी लागतात. म्हणून शेवटी पातेले पुन्हा तोलायचे. समजा, खालांच्या चुलीवर २०० ग्रॅम पाणी कमी भरले. त्याच्या १०८ किलोकॅलरी झाल्या. एकूण ४५८ किलोकॅलरी उष्णता पाण्याला मिळाली.

आता इंधनाकडे पाहू. चुलीत ८०० ग्रॅम सुके लाकूड जळाले. एक किलो सुक्या लाकडातून साधारण ४,००० किलोकॅलरी उष्णता निघते. ही संख्या प्रयोगशाळेत काढतात. पोलादी भांड्यात ऑक्सिजन भरून त्यात थोडेसे इंधन जाळतात. भोवती पाणी असते. ते किती तापले यावरून हिशेब करतात. हा आपल्या बंबाचाच धाकटा भाऊ म्हणायचा! तर ८०० ग्रॅम लाकडाच्या ३,२०० किलोकॅलरी झाल्या. चुलीत शेवटी ५० ग्रॅम कोळसा उरला. तो पुन्हा वापरता येतो, म्हणून त्याची उष्णता वजा करायला हवी. कोळशाच्या एका किलोत साधारण ७,००० किलोकॅलरी असतात, म्हणून ३५० वजा केल्या. राहिल्या २,८५०. त्यांपैकी ४५८ पाण्यात गेल्या. म्हणजे शंभरातल्या १६!

बाकीच्या ८४ कोठे गेल्या? काही धुरातून, काही पातेल्याच्या बाजूने वर, काही चुलीच्या मातीत. उंच जाळ खूप दिसत होता खरा, पण तो पातेल्याला चुकवून आढ्याकडे चालला होता.

मामूंच्या शेगडीवर तेवढेच पाणी तेवढेच तापवले. समजा, २५० ग्रॅम कांड्या लागल्या. त्यांच्या १,००० किलोकॅलरी झाल्या. पाणी फक्त ५० ग्रॅम उडाले, म्हणजे २७ किलोकॅलरी. ३५० आणि २७ मिळून ३७७. शंभरातल्या जवळजवळ ३८. या संख्येला शेगडीची कार्यक्षमता म्हणतात.

येथे कोणी विचारील, लवकर पाणी कोणाचे तापले? हा प्रश्न वेगळा आहे. चुलीला २० मिनिटे आणि शेगडीला १८ मिनिटे लागली असे धरा. चुलीने पाण्याला दर मिनिटाला सुमारे २३ किलोकॅलरी दिल्या, शेगडीने २१. फारसा फरक नाही. पण चुलीत दर मिनिटाला १४२ किलोकॅलरींचे इंधन जळत होते! यंत्राच्या पत्रकावर हा वेग किलोवॅटमध्ये लिहितात. मिनिटाला साधारण १४ किलोकॅलरी म्हणजे एक किलोवॅट. दुकानदार शेगडीचे किलोवॅट सांगू लागला, तर त्याला विचारावे, "हे जळणाऱ्या इंधनाचे, की पातेल्याला मिळणाऱ्या उष्णतेचे?"

तुलना करताना काही गोष्टींनी फसगत होते. पातेले तेच हवे. एकदा झाकण ठेवले आणि एकदा ठेवले नाही, तर हिशेब बिघडतो. लाकूड ओले असेल तर फारच बिघडतो. एक किलो लाकडात ३०० ग्रॅम पाणी असेल, तर लाकूड उरले ७०० ग्रॅमच. वर ते पाणी उडवायला १८५ किलोकॅलरी खर्च होतात. म्हणून पावसाळ्यात चूल रडते आणि रडवते.

आणखी एक गंमत आहे. "पाणी उकळेपर्यंत तापवा," असे सांगितले तर सगळीकडे सारखेच काम होते का? सांगली समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंच आहे. तेथे पाणी साधारण ९८ अंशांना उकळते. महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटर उंच आहे. तेथे हवेचा दाब कमी असतो, म्हणून पाणी ९५ ते ९६ अंशांनाच उकळू लागते. महाबळेश्वरची शेगडी फुकटच चपळ ठरेल! म्हणून बुडबुडे न पाहता थर्मामीटर पाहायचा.

आपल्या देशात अशा मोजमापाचे नियम ठरलेले आहेत. भारतीय मानक ब्युरोने सुटसुटीत चुलींसाठी १९९१ मध्ये मानक काढले आणि २०१३ मध्ये ते सुधारले. त्यानुसार पंखा नसलेल्या चुलीची कार्यक्षमता निदान २५ टक्के आणि पंख्याच्या चुलीची निदान ३५ टक्के हवी. धुरातील कण आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू यांचेही माप घेतात.

पण चांगली शेगडी हातात आली म्हणजे सगळे झाले असे नाही. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या मदतीने 'ऊर्जा' नावाची पेलेटची शेगडी तयार झाली. तिच्यात बॅटरीवर चालणारा लहान पंखा होता. २००६ च्या सुमारास ती विकायला आली आणि पुढील काही वर्षांत महाराष्ट्र, कर्नाटक आणि इतर भागांत सुमारे चार लाख घरांत गेली. तिच्या कांड्या मुख्यतः बगॅसच्या होत्या. पुढे बगॅस महागले, कांड्याही महागल्या आणि पुष्कळ घरांनी ती वापरणे सोडून दिले. शेगडीत तसा दोष नव्हता. पण इतर कशात या कांड्या कोण जाळणार, आणि कांड्यांवाचून शेगडी तरी कशी पेटणार?

म्हणून इंधनाच्या किलोचा भाव नुसता पाहून चालत नाही. त्या किलोतून पातेल्याला किती मिळते, ते पाहावे लागते. स्वयंपाकाच्या गॅसच्या एका किलोत साधारण ११,००० किलोकॅलरी असतात आणि गॅसच्या शेगडीवर त्यांतल्या निदान साठ टक्के भांड्याला मिळतात. आपल्याच आकड्यांनी हिशेब करा. १४.२ किलोच्या एका सिलिंडरचे काम करायला मामूंच्या शेगडीला सुमारे ६० किलो कांड्या लागतील आणि खालांच्या चुलीला जवळजवळ दीडशे किलो लाकूड. हे दीडशे किलो कोणाच्या तरी डोक्यावरून घरी येते. बहुतेक घरांत ते कोणाच्या डोक्यावरून येते, हे तुम्हांला माहीत आहे.

नानींच्या बंबाचे माप मात्र राहिलेच. ते तुम्ही घ्या. बंबात मोजून पाणी भरा. आधी तोटीतून थोडे पाणी काढून त्याचे तापमान पाहा आणि ते परत आत ओता. मग लाकूड तोलून टाका. हे सारे मोठ्या माणसांसमोर, उघड्या जागेत करा. बंबाच्या नळीत वाकून पाहू नका. पाणी आंघोळीपुरते तापले की ते ढवळा आणि पुन्हा तापमान घ्या. कारण बंबात वरचे पाणी जास्त गरम असते आणि तोटी खाली असते. पहिल्या दिवशी जे उत्तर येईल, ते दुसऱ्या दिवशी येणार नाही. वारा बदललेला असेल, लाकूड बदललेले असेल. तीन दिवस मोजा, तिन्ही उत्तरे वहीत लिहा आणि त्यांची सरासरी काढून मगच नानींना सांगा.