सोनगीरहून उत्तरेकडे, मागे घर जोडून

धुळ्यापासून सुमारे २० किलोमीटरवर, मुंबई-आग्रा रस्त्यालगत सोनगीर. पूर्वीचा महामार्ग ३, आताचा ५२. कॅम्पर ट्रेलर घेऊन निघालेल्या जोडप्याने इथे थांबावंच. टेकडीवर जुना किल्ला आहे, गावात तांब्या-पितळेची भांडी. हंड्याच्या पोटावरचे हातोडीचे ठोके जवळून बघा, प्रत्येक ठोका शेजारच्याला किंचित चाटून गेलेला.

पुढे नरडाणा, शिरपूरच्या अलीकडे तापी, पळासनेरनंतर मध्य प्रदेश, खलघाटला नर्मदा. सेंधव्याजवळचा बिजासन घाट जाताना चढाचा, इंजिन तापवणारा. खरी परीक्षा परतीच्या उतारावर असते. मागचं वजन गाडीला सतत ढकलतं, नुसता ब्रेक दाबत राहिलात तर तो तापून निकामी होतो. खालच्या गिअरमध्येच उतरा, घाई करणाऱ्याला पुढे जाऊ द्या.

कायद्याने ट्रेलरही मोटार वाहनच, म्हणून त्याची नोंदणी वेगळी. चालत्या ट्रेलरमध्ये कुणी बसू नये, गॅस सिलिंडर बंद हवा. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण आणलं, तरी मुक्कामाची जागा आधीच ठरवलेली बरी. आणि निघायचं ते हिवाळ्यात. खानदेशात उन्हाळी पारा चाळिशी सहज ओलांडतो.