राष्ट्रीय ब्रॉडबँड धोरण आणि आमचें उच्च शिक्षण

बीड जिल्ह्यांतील मुलांस उच्च शिक्षणासाठीं दूर जावें लागतें, ही गोष्ट नवी नाहीं. 1948 पूर्वीं हा जिल्हा हैदराबाद संस्थानांत मोडत असे, आणि संस्थानांतील एकुलतें एक विद्यापीठ, 1918 सालीं स्थापन झालेलें उस्मानिया, हैदराबादेस होतें. 1958 सालीं औरंगाबादेस, म्हणजे हल्लींच्या छत्रपति संभाजीनगरास, मराठवाडा विद्यापीठ निघालें आणि अंतर पुष्कळच कमी झालें. पुढें जिल्ह्यांतहि महाविद्यालयें झालीं. अंबाजोगाईस तर वैद्यकीय महाविद्यालय झालें. तथापि महाविद्यालय जवळ आलें म्हणजे ज्ञानाचीं सर्व साधनें जवळ आलीं, असें होत नाहीं. मोठीं ग्रंथालयें, नामांकित अध्यापकांचीं व्याख्यानें, नवें संशोधन छापणारीं नियतकालिकें हीं बहुतांशीं मोठ्या शहरांतच राहिलीं. हें उरलेलें अंतर ज्या साधनानें तोडतां येईल, त्याविषयीं सरकारचें धोरण काय आहे व आमच्या मुलांशीं त्याचा संबंध काय, हें येथें थोडक्यांत सांगावें असा आमचा विचार आहे.

प्रथम ब्रॉडबँड म्हणजे काय तें पाहूं. बारीक धारेच्या नळाखालीं हंडा भरण्यास किती वेळ लागतो, हें आमच्या जिल्ह्यांतील माणसास सांगावयास नको. इंटरनेटचेंहि तसेंच आहे. नळ रुंद असला म्हणजे माहिती वेगानें येते. अशा रुंद व सदैव चालू असलेल्या नळास ब्रॉडबँड म्हणतात. किती वेग असला म्हणजे नळ रुंद म्हणावा, हें सरकार ठरवितें. 2004 च्या धोरणांत सेकंदास 256 किलोबिट हा किमान वेग धरला होता. 2013 सालीं तो 512 किलोबिट झाला, आणि 2023 सालीं 2 मेगाबिट. याचा अर्थ हिशोबानें पाहावा. एक तासाचें सचित्र व्याख्यान 400 मेगाबाइटचें आहे असें समजूं. पहिल्या वेगानें तें उतरवून घेण्यास सुमारें साडेतीन तास लागतील. तिसऱ्या वेगानें सुमारें 27 मिनिटें. साडेतीन तास थांबून एका तासाचा धडा घेणारा विद्यार्थी रोज कितीसें शिकणार?

आतां हा वेग येतो कशानें? केसाएवढ्या बारीक काचेच्या तंतूंतून प्रकाशाचे स्पंद पाठविले जातात. प्रकाश तंतूच्या कडेवर तिरपा आदळतो व बाहेर न पडतां पुन्हां आंतच वळतो. अपवर्तनाचा धडा शिकतांना पूर्ण अंतर्गत परावर्तन म्हणून आपण जें वाचतों, तें हेंच. काच पुरेशी शुद्ध केली तर तींतून संदेश फार दूर नेतां येईल, हें चार्ल्स काओ यांनीं 1966 सालीं दाखविलें व त्याबद्दल 2009 सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. मोबाइलचा टॉवर हें निराळें साधन दिसलें, तरी त्यासहि मागून अशाच तंतूचा पुरवठा असला म्हणजे तो चांगला चालतो. शिवाय एका टॉवरचा वेग सर्व गांव वांटून घेतो; म्हणून सायंकाळीं सर्वजण मोबाइल घेऊन बसले कीं मुलांचा अभ्यास अडतो.

हा काचतंतु प्रत्येक ग्रामपंचायतीपर्यंत न्यावा, असा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळानें ऑक्टोबर 2011 मध्यें घेतला. सुमारें अडीच लक्ष ग्रामपंचायती जोडण्याचा तो संकल्प होता. याच योजनेस पुढें भारतनेट हें नांव मिळालें. 2018 च्या राष्ट्रीय डिजिटल दळणवळण धोरणानें तर 2022 पर्यंत प्रत्येक नागरिकास सेकंदास 50 मेगाबिट वेग मिळावा असें ध्येय ठेविलें. मुदत टळली, काम अपुरें राहिलें, आणि ऑगस्ट 2023 मध्यें सुमारें 1,39,579 कोटि रुपयांची सुधारित योजना मंजूर करावी लागली. या सुधारणेंतील एक मुद्दा समजून घेण्यासारखा आहे. पूर्वीं तंतु पुष्कळ ठिकाणीं एका रेषेंत टाकले होते. रस्ता खोदतांना तंतु एके ठिकाणीं तुटला, कीं त्यापलीकडचीं सर्व गांवें अंधारांत जात. आतां ते कड्याच्या आकारानें जोडावयाचे आहेत. एका बाजूनें वाट तुटली तर संदेश दुसऱ्या बाजूनें वळसा घेऊन पोहोंचेल.

हा पैसा येतो कोठून? दूरसंचार कंपन्यांच्या उत्पन्नाचा शेंकडा 5 भाग एका निधींत जमा होतो. 2002 पासून चालत आलेल्या या निधीस आतां डिजिटल भारत निधि म्हणतात. म्हणजे रिचार्ज करणाऱ्या प्रत्येक पालकाच्या पैशाचा अंश त्यांत आहे. ही सरकारची मेहेरबानी नव्हे; आपल्याच पैशाचें काम आहे.

उच्च शिक्षणास याचा उपयोग कसा, तेंहि पाहूं. विद्यापीठें व संशोधनसंस्था एकमेकांस जोडणारें राष्ट्रीय ज्ञानजाळें 2010 सालीं मंजूर झालें. 2017 सालीं स्वयंम् ही योजना निघाली. तींत नामांकित संस्थांतील अध्यापकांचे अभ्यासक्रम घरबसल्या ऐकतां येतात. शिकण्यास फी नाहीं. प्रमाणपत्राच्या परीक्षेस मात्र ती पडते. एका सत्रांतील शेंकडा 40 पर्यंत अभ्यासक्रम या मार्गानें पुरे करूं देण्याची मुभा 2021 च्या नियमांनीं विद्यापीठांस आहे. अंबाजोगाईची दासोपंतांची पासोडी पाहावयाची तर आजहि अंबाजोगाईसच गेलें पाहिजे. परंतु खरगपूरच्या संस्थेनें चालविलेल्या राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालयांतील ग्रंथ वाचण्यास खरगपूरला जाण्याचें कारण नाहीं. नोव्हेंबर 2024 मध्यें मंजूर झालेल्या ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ या योजनेनें सुमारें 13,000 संशोधन-नियतकालिकें सरकारी उच्च शिक्षणसंस्थांतील विद्यार्थ्यांस खुलीं होत आहेत. हीं नियतकालिकें एकेका महाविद्यालयास स्वतःच्या बळावर घेणें केवळ अशक्य होतें.

पण ग्रंथालय खुलें झालें आणि तेथवर जाणारी वाट खचलेली राहिली, तर त्याचा लाभ ज्यांस आधींच वाट आहे त्यांसच होणार. हाच या विषयांतील खरा धोका होय. 2025 पासून अकरावीचा प्रवेश सबंध राज्यांत इंटरनेटवरूनच होऊं लागला आहे. अभियांत्रिकीची प्रवेशपरीक्षा संगणकावर होते; शिष्यवृत्तीचे अर्जहि तसेच भरावे लागतात. आमच्या जिल्ह्यांतील हजारों कुटुंबें दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत जातात. फडावरच्या कोपींत राहणाऱ्या आईबापांस अर्जाची मुदत कळली नाहीं, किंवा गांवीं आजीजवळ राहिलेल्या मुलीस शेवटच्या दिवशीं जोडणी मिळाली नाहीं, तर तिच्या गुणांचा काय उपयोग? इंटरनेटचा वापर हा शिक्षणाच्या हक्काचाच भाग आहे, असें केरळच्या उच्च न्यायालयानें 2019 सालीं एका महाविद्यालयीन विद्यार्थिनीच्या दाव्यांत म्हटलें, तें यथार्थ आहे.

म्हणून पालकांस आमची विनंति आहे कीं, ग्रामसभेंत रस्ता व पाणी यांबरोबर हाहि प्रश्न विचारावा: आपल्या ग्रामपंचायतींत भारतनेटची पेटी आली आहे काय? ती चालू आहे काय? वीज गेली तर तिची सोय काय? शाळेस व वाचनालयास त्यावरून जोडणी मिळाली आहे काय? सुधारित योजनेंत ग्रामीण भागांत दीड कोटि घरगुती जोडण्या देण्याचें योजिलें आहे; मागणी करणाऱ्या गांवाकडे लक्ष लवकर जातें, हा नेहमींचा अनुभव आहे. पेटी येऊन कुलुपांत पडली, तर ती नसल्यासारखीच.

विद्यार्थिमित्रांस इतकेंच सांगणें कीं, ज्या नळानें ज्ञान येतें त्याच नळानें वेळ वाहूनहि जातो. रात्रीं किंवा पहांटे, गर्दी नसतांना, हवीं तीं व्याख्यानें उतरवून ठेवावीं व मग मोबाइलची जोडणी बंद करून वही-लेखणी घेऊन तीं ऐकावीं. वाट गांवापर्यंत आणणें हें सरकारचें व वडीलधाऱ्यांचें काम आहे. तीवरून चालणें मात्र ज्याचें त्यानेंच करावयाचें आहे.