तीस वस्त्या, दोनशे दहा मुलं

सकाळी साडेसहाला मालेगावच्या मोसम पुलावर गर्दी नसते. लसीकरणाच्या पाहणीसाठी वस्तीची मोजदाद आम्ही याच वेळेला करतो. हातात जनगणनेच्या एका गणना-गटाचा नकाशा, खडू आणि वही. ठरलेल्या कोपऱ्यापासून निघायचं, उजवा हात धरून चालायचं आणि प्रत्येक दारावर क्रमांक टाकायचा. खाली माग आणि वर संसार अशी घरं इथे बरीच आहेत. तिथे एका दारामागे तीन-तीन चुली असतात आणि जिना चढून विचारल्याशिवाय त्या कळत नाहीत. प्रत्येक चुलीपाशी सध्या एकच प्रश्न: दोन वर्षांखालचं मूल आहे का?

नकाशा 2011चा आहे. 2021ची जनगणना ठरल्या वेळी झालीच नाही, आणि मधल्या काळात शहराच्या कडेला नव्या गल्ल्या उभ्या राहिल्या. जुन्या यादीत दीडशे घरं असलेल्या गटात आज तीनशे निघाली, तर तिथल्या प्रत्येक मुलाचा भार हिशेबात दुप्पट धरावा लागतो. तसं केलं नाही तर या नव्या, बहुधा गरीब गल्ल्या निकालात अर्ध्याच उरतात.

साडेआठला चहा आणि टीमची बैठक. सर्वेक्षक सगळ्या बायका आहेत. काहींना उर्दू सफाईदार येते, तर कॅम्प आणि संगमेश्वर भागाकडे जाणाऱ्यांना अहिराणी. नव्या मुलीला मी हे काम कशासाठी आहे ते आधी सांगते. 2022च्या अखेरीस मुंबई, भिवंडी आणि मालेगावात गोवराची साथ आली. गोवर थोपवायचा तर शंभरातल्या 95 मुलांना दोन्ही डोस मिळालेले असावे लागतात. दवाखान्याच्या रजिस्टरात दिलेले डोस असतात, पण जे मूल कधी आलंच नाही त्याची नोंद रजिस्टरात कुठून येणार? ते मूल घरीच सापडतं. म्हणून घरी जायचं.

आमच्या आराखड्याचा मूळ साचा जुना आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 1970च्या दशकात तो लसीकरणासाठी रूढ केला: तीस वस्त्या आणि प्रत्येक वस्तीत 12 ते 23 महिन्यांची सात मुलं, एकूण 210. तेव्हा वस्तीच्या मध्यावर उभं राहून बाटली फिरवायची, तिचं तोंड जिकडे वळेल तिकडचं एक घर घ्यायचं आणि मग लगतची दारं ठोठावत सात मुलं पुरी करायची अशी रीत होती. यात बंद दार आपोआप गळून जायचं. 2018च्या नव्या मार्गदर्शिकेने ही रीत मोडीत काढली. आता आधी पूर्ण यादी, मग यादीतून चिठ्ठीने सात नावं, आणि एकदा निघालेलं नाव बदलायचं नाही.

दहा वाजता घरभेटी सुरू होतात. किदवई रोडच्या आतल्या गल्लीत खालच्या मागांचा खडखडाट एवढा असतो की प्रश्न कानाशी वाकून विचारावा लागतो. आई कांड्या भरत बसलेली. सर्वेक्षक ताई कार्ड मागते.

"बाजी, कार्ड तो अम्मी के यहाँ है."

इथे घाई केली की पाहणी बिघडते. पहिलं बाळंतपण माहेरी होतं आणि कार्ड तिथेच राहतं. 'कार्ड नाही' असं लिहून ताई पुढे गेली, तर मूल केवळ आईच्या आठवणीवर मोजलं जाईल. ताई थांबते, आईला माहेरी फोन करायला सांगते. दहा मिनिटांत व्हॉट्सअ‍ॅपवर कार्डाचा फोटो येतो. पेंटा लसीच्या तिन्ही रकान्यांत तारखा आहेत, नवव्या महिन्याचा गोवर-रुबेलाचा रकाना कोरा. आई सांगते, तिसऱ्या इंजेक्शननंतर ताप चढला होता, मग सासूने नको म्हटलं. हे उत्तर ताई तिच्याच शब्दांत लिहून घेते. कोरा रकाना किती घरांत आहे हे टक्केवारी सांगेल. तो कोरा का राहिला हे अशा ओळींतूनच समजतं, आणि ताप येणार हे कोणीतरी त्या आईला आधी सांगायला हवं होतं, हेही.

कार्ड मिळालंच नाही तर प्रश्न नीट बांधलेले हवेत. "सगळ्या लसी झाल्या ना?" या प्रश्नाला प्रत्येक आई हो म्हणते, कारण पल्स पोलिओचे थेंब दारात येऊन पाजले जातात आणि तेवढ्याने तिच्या लेखी सगळं झालेलं असतं. म्हणून आम्ही अंगावरून विचारतो. डाव्या दंडावर बीसीजीचा व्रण आहे का? मांडीत सुई किती वेळा दिली? मूल बसायला लागल्यावर उजव्या दंडात दिली का? आणि प्रश्नाच्या शेवटी 'ना' कधीही नाही. कार्डावरचं आणि आठवणीतलं उत्तर शेवटपर्यंत वेगळं ठेवतो.

दुपारी एकला डबा आणि टॅबवरची माहिती वर चढवणं. अर्ध्या तासात आटोपतं.

दोन ते चार मी वयं तपासते. कामातला हा सगळ्यात किचकट आणि मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग. 24 महिने पूर्ण झालेलं मूल आमच्या कक्षेबाहेर जातं आणि त्याचे लांबलचक प्रश्न वाचतात. त्यामुळे दमलेल्या सर्वेक्षकाच्या हातून 23 महिन्यांचं मूल 24चं होण्याचा धोका प्रत्येक मोठ्या पाहणीत असतो. वयांचा आलेख काढला की 23वर खड्डा आणि 24वर टेकाड दिसतं. तसं दिसलं की मी त्या घरी स्वतः जाते. जन्मदाखला नसेल तर सणांवरून महिना काढायचा, पण इथे दिवाळी-पाडव्याची यादी पुरत नाही. 2024ची रमजान ईद 11 एप्रिलला होती आणि 2025ची 31 मार्चला. दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकणारं हे कॅलेंडर पाहणीआधी नव्याने मांडून प्रत्येकीच्या वहीत चिकटवलेलं असतं. "कोणत्या ईदेला पोटात होतं, कोणत्या ईदेला मांडीवर?" एवढ्या प्रश्नावर पुष्कळदा महिना पक्का होतो.

संध्याकाळी सहानंतर फक्त कुलूपबंद घरं. तीन वेगवेगळ्या वेळी गेल्याशिवाय घर सोडायचं नाही असा नियम आहे, आणि त्यातली एक वेळ शुक्रवारची असते, कारण शुक्रवारी माग बंद असतात. शेजारच्या घरात गोंडस मूल आणि हातात कार्ड घेऊन उभी असलेली आई दिसत असते, तेच घेऊन टाकावं असा मोह रोज होतो. इथे मला सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग सुखात्मे आठवतात. 1940च्या दशकात पीककापणीच्या प्रयोगांवर काम करताना त्यांनी दाखवून दिलं, की शेतातला तुकडा फार लहान घेतला तर उत्पन्न वाढीव निघतं. कडेवरची रोपं आत ओढली जातात आणि तुकडा लहान असला की त्याच्या मानाने कडच मोठी असते. कापणाऱ्याच्या मनात काही नसतं, तरी चूक एकाच दिशेने होते. शेजारचं घर घेतल्यानेही नेमकं असंच होतं. कुलूप लावून आईवडील दोघंही कामाला गेलेल्या, किंवा गावाकडे निघून गेलेल्या घरातलं मूल लसीतून सुटलेलं असण्याची शक्यता जास्त. तेच गाळलं की शहर निरोगी दिसू लागतं.

रात्री नऊला हिशेब. 210 मुलं शहरभरातून एकेक करून उचलली असती तर निम्म्याच्या आसपासच्या टक्केवारीत सात अंकांची मागेपुढे धरावी लागली असती. पण एका गल्लीतली मुलं एकमेकांसारखी असतात: एकाला लस नाही, तर शेजारच्यालाही बहुधा नाही. हा सारखेपणा एक-षष्ठांश धरला तर सात मुलांच्या गटाने अंदाजाचं प्रचरण (variance) दुप्पट होतं, 210 मुलं 105च्या तोलाची उरतात आणि मागेपुढे दहा अंकांवर जाते. दहाच वस्त्यांत प्रत्येकी एकवीस मुलं घेतली असती तर पायपीट वाचली असती, पण त्याच 210 मुलांचा तोल पन्नासच्याही खाली गेला असता. तीस वस्त्या हिंडायच्या त्या एवढ्यासाठी.

याच हिशेबामुळे "आमच्या प्रभागाचा आकडा द्या" या मागणीला मी नकार देते. सात मुलांवरून एखाद्या मोहल्ल्याबद्दल काही ठरवणं हा त्या मोहल्ल्यावर अन्याय आहे. आकडा शहराचा असतो, आणि अहवालात त्याच्या शेजारीच तिसऱ्या फेरीनंतरही उघडली नाहीत त्या दारांची संख्या छापलेली असते. ती संख्या नसलेल्या पाहणीवर विश्वास ठेवू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

तुमच्या घरात दोन वर्षांखालचं मूल असेल तर माता-बाल संरक्षण कार्ड माहेरी असो की सासरी, आजच त्याचा फोटो मोबाईलमध्ये काढून ठेवा, आणि मूल नऊ महिन्यांचं होऊनही नवव्या महिन्याचा रकाना कोरा असेल तर येत्या लसीकरणाच्या दिवशी मुलाला घेऊन जा.